मिसरी जोडप्याचा रंग

पोलीस खात्यात इतकी वर्षं काढली की बहुतेक प्रकरणांतले चेहरे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला डोक्याला ताण द्यावा लागतो. एक प्रकरण मात्र न बोलावता समोर येऊन उभं राहतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कुणी कुणावर हातही उचलला नव्हता. तरी माझ्या नोकरीतलं सर्वांत उदास प्रकरण तेच. मी इथे कुणा माणसाचं, गावाचं किंवा संस्थेचं नाव लिहिणार नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत आणि त्यांनी जे भोगायचं ते भोगून झालं आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी गुन्हे अन्वेषण विभागात निरीक्षक होतो. माझ्या हद्दीतल्या एका गावात जुन्या संस्थानाचं वस्तुसंग्रहालय होतं. तिथले एक राजे बोटीने विलायतेला जाताना वाटेत इजिप्तमध्ये उतरले होते आणि तिथून त्यांनी एक मूर्ती विकत आणली होती. हातभर उंचीची, चुनखडीच्या दगडाची, रंगवलेली. एका बैठकीवर शेजारी शेजारी बसलेले नवरा-बायको. बायकोचा हात नवऱ्याच्या पाठीमागून जाऊन त्याच्या दंडावर टेकलेला. नवऱ्याचं अंग विटकरी तांबडं, बायकोचं फिकट पिवळं, दोघांचे केस काळे. ही मूर्ती चार हजार वर्षांपूर्वीची असल्याचं पाटीवर लिहिलं होतं, आणि इतक्या काळानंतरही रंग शाबूत होता हीच तिची अपूर्वाई. मिसर म्हणजे इजिप्त, म्हणून गावात तिला सगळे 'मिसरी जोडपं' म्हणत. शाळेच्या सहलीत ते न पाहिलेला माणूस त्या गावात सापडणं अवघड होतं.

बातमी मिळाली ती कुणा खबऱ्याकडून नव्हे. अबुधाबीत राहणाऱ्या एक बाई सुट्टीत माहेरी आल्या होत्या. नवरा तिथल्या तेल कंपनीत इंजिनिअर. माहेर याच गावचं, म्हणून जुनी आठवण ताजी करायला त्या संग्रहालयात गेल्या. जोडप्यासमोर उभ्या राहून त्या तिथल्या क्युरेटर बाईंना सहज म्हणाल्या, "तुम्ही याच्या कॉपीज गल्फमध्ये विकायला लागलात हे बरं केलंत. आमच्या कंपाउंडच्या गार्डनमध्ये दोन बसवल्यात. पांढऱ्या आहेत, पण मी लगेच ओळखलं."

संग्रहालयाने कुणालाही तशी परवानगी दिली नव्हती. क्युरेटर बाई म्हणाल्या, "साधारण तशी असेल. इजिप्शियन डिझाइन हल्ली सगळीकडे दिसतं."

"नाही हो. त्या बायकोच्या पायाची करंगळी तुटलेली आहे ना, तिकडेही तशीच तुटलेली आहे. आणि पाठीमागे, हाताच्या खाली एक आडवी चीर आहे. आमच्या मुलांनी त्यात च्युइंगम भरलं म्हणून वॉचमन घरी तक्रार घेऊन आला होता, म्हणून मला माहीत."

मूर्ती संग्रहालयात भिंतीला पाठ लावून ठेवलेली असे. पाठीवरची ती चीर कुठल्याही फोटोत, कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती फक्त मूर्ती हाताळणाऱ्यांनाच ठाऊक होती. त्या बाई निघून गेल्यावर क्युरेटर बाईंनी काचेचं कपाट उघडलं आणि मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. ती हलकी लागली, एकदम वर आली. खाली ठेवून त्यांनी तिच्या तळाला नख लावलं, तर नखात पांढरी भुकटी आली. कपाटात प्लास्टरची मूर्ती होती.

त्याच दुपारी त्या ठाण्यात आल्या. ठाणे अंमलदार फिर्याद लिहायला बसला आणि त्याने विचारलं, "मूर्ती कुठल्या देवाची?"

"देवाची नाही. नवरा-बायकोची."

"मग मूर्ती म्हणू नका. पुतळा लिहितो."

"काय वाटेल ते लिहा," बाई म्हणाल्या, "पण आज लिहा."

तपास माझ्याकडे आला तेव्हा मी पहिल्यांदा त्यांनाच बोलावलं. पन्नाशीच्या पुढच्या, अविवाहित, सगळी नोकरी त्याच इमारतीत झालेली. कपाटाची किल्ली त्यांच्या ताब्यात असल्यामुळे संशय आधी त्यांच्यावरच होता. मी विचारलं, "बाई, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "रोज सकाळी दारं उघडली की मी त्या दोघांपाशी जरा थांबायची. माझी सवय होती. आता असं दिसतंय की मी प्लास्टरपाशी थांबत होते."

स्वतःच्या ताब्यातली वस्तू चोरीला गेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक पहिल्याच बैठकीत, चोरी कुणी केली असेल ते सांगतात. काहीजण मात्र कुणी केली नसेल ते आधी सांगतात, आणि तिथे कान टवकारावे लागतात. बाई उठता उठता म्हणाल्या, "आमच्या मॉडेलरवर कृपा करून संशय घेऊ नका. तो त्यातला नाही." तोवर संग्रहालयात मॉडेलर नावाचं पद असतं हेही मला ठाऊक नव्हतं.

मॉडेलर म्हणजे मूर्तींचे साचे काढून शाळांसाठी, प्रदर्शनांसाठी प्लास्टरच्या प्रतिकृती करणारा कलाकार. हा चित्रकलेची पदविका घेतलेला, पस्तिशी ओलांडलेला गृहस्थ. बाईंनीच त्याला आणला होता, हाताखाली तयार केला होता. तो त्यांना ताई म्हणायचा. पण त्याची जागा कायम कधी झालीच नाही. वरून दर वेळी 'पुढच्या वर्षी पाहू' असं उत्तर यायचं. छपराच्या दुरुस्तीसाठी जोडप्याचं दालन काही महिने बंद होतं, तेव्हा मूर्ती पेट्यांत भरण्याचं आणि पुन्हा मांडण्याचं काम त्याच्याकडेच होतं. दालन उघडल्यावर थोड्याच दिवसांत त्याने राजीनामा दिला. शारजात नोकरी लागली, बायको-मुलीला घेऊन जातोय, असं सांगून पेढे वाटून गेला. ताई त्याला स्टेशनवर निरोप द्यायलाही गेल्या होत्या.

मी ती प्लास्टरची मूर्ती टेबलावर ठेवून बाईंना विचारलं, "असं रंगकाम आणखी कुणाला जमेल?"

त्यांनी मान खाली घातली. "दुसऱ्या कुणाला नाही जमणार," त्या म्हणाल्या. आवाजात दुःख होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता.

परदेशातला तपास म्हणजे कागदांचा प्रवास. आपल्या न्यायालयाचं विनंतीपत्र, ते मंत्रालयाकडे, तिथून दूतावासाकडे, तिथून तिकडच्या अधिकाऱ्यांकडे. उत्तर येईपर्यंत उन्हाळा लागला. मी एकटाच गेलो. मला तिकडे अटकेचा अधिकार नव्हता. प्रश्न विचारायचे तेही तिथल्या अधिकाऱ्याच्या समोर आणि त्याच्या परवानगीने.

शारजाच्या पोलीस ठाण्यात मला जे कॅप्टन भेटले ते हिंदी सहज बोलत. त्यांचे आजोबा मोती विकायला मुंबईला यायचे आणि वडील काही वर्षं तिथे शाळेत होते, असं त्यांनी चहा पिताना सांगितलं. माणूस मितभाषी. फाइल पूर्ण वाचल्याशिवाय त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. संशयित राहायला शारजात, पण नोकरीला उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात होता. ती वेगळी अमिरात, म्हणजे वेगळं राज्यच, तिथले पोलीस वेगळे, त्यामुळे आणखी एक परवानगी लागली. तीही कॅप्टननी मिळवली.

सकाळी निघालो तेव्हा दुबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची न संपणारी रांग होती. आम्ही उलट दिशेला चाललो होतो आणि आमचा रस्ता मोकळा होता. शारजातली नोकरदार माणसं रोज दुबईच्या गर्दीत तासन्‌तास अडकत, हा एकटा रोज या ओसाड बाजूला येत असणार, असं मनात आलं.

वर्कशॉप बागेतल्या शोभेच्या वस्तूंचं होतं. कारंजी, खांब, सिंह, हंस. आम्ही साध्या कपड्यांत गिऱ्हाईक म्हणून गेलो. विक्रीला बसलेल्या केरळी माणसाने हौसेने सगळं दाखवलं आणि मागच्या आवारात नेलं. तिथे उन्हात मिसरी जोडपी बसली होती. पांढरी, सिमेंटची, एकामागे एक रांगेत, सगळी एकाच दिशेला तोंड करून.

"ये वाला बहुत चलता है, सर. व्हिला, होटल, सब जगह जाता है."

मी खाली बसून पाहिलं. प्रत्येक बायकोच्या पायाची करंगळी तुटलेली होती. मागे जाऊन पाहिलं, तर प्रत्येकीच्या हाताखाली तीच आडवी चीर.

संध्याकाळी कॅप्टननी मॉडेलरला ठाण्यात बोलावून घेतलं. अंगावर प्लास्टरचे पांढरे डाग असलेला शर्ट, चेहरा ओढलेला. मी मराठीत बोललो तसा तो जरा दचकला आणि मग खुर्चीत सावरून बसला.

"मूर्ती कुठे आहे?" मी विचारलं.

"संग्रहालयात असेल, साहेब."

"तिथे प्लास्टरची आहे."

"मला त्यातलं काही माहीत नाही."

"इथे साचा कशावरून काढलात?"

"आधी मातीत केली. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती. अजूनही डोळे मिटून करीन."

"आणि तुटलेली करंगळी?"

"जशी होती तशी केली."

"पाठीवरची चीर?"

"मूर्ती मीच झटकायचो, साहेब. पाठसुद्धा."

या उत्तरांत खोट काढायला जागा नव्हती. खोटं बोलणारा माणूस सहसा घाई करतो, विचारलं नाही तेही सांगून टाकतो. हा घाई करत नव्हता. हे सगळे प्रश्न त्याने स्वतःला आधीच पुन्हा पुन्हा विचारून झाले होते, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. मी ताईंचं नाव काढलं. त्यांची चौकशी लागली आहे, किल्ली त्यांच्याकडे होती म्हणून ठपका त्यांच्यावर येणार आहे, हे सांगितलं. त्याच्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट झाली, पण उत्तरं तीच राहिली.

बाहेर आल्यावर कॅप्टन म्हणाले, "इन्स्पेक्टर साहब, आदमी झूठ बोलता है. लेकिन बुरा आदमी नहीं है. मुश्किल यही है." मूर्ती मिळाली नाही तर त्याला फार काळ थांबवून ठेवता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याच्या घराची झडती घेतली. शारजातल्या एका जुन्या इमारतीतला लहानसा फ्लॅट. एसीचा घरघराट, दारात चपला ओळीत लावलेल्या, भिंतीवर त्याने स्वतः केलेला छोटा गणपती. त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं. मुलगी दहावीला होती, शाळेच्या युनिफॉर्ममध्येच पुस्तकं पुढ्यात घेऊन बसलेली. आईने तिला काहीतरी वेगळंच सांगितलं असावं, कारण तिने मला विचारलं, "अंकल, आर यू फ्रॉम डॅडीज ऑफिस?"

"मी गावाकडून आलोय," मी म्हटलं.

"ओके. इज ही कमिंग होम टुडे?"

मी कॅप्टनकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

झडतीत काही मिळालं नाही. हातभर उंचीचा दगड लपायला त्या घरात जागाच नव्हती. पोलीस स्वयंपाकघरात शेवटची नजर टाकत होते, तेव्हा त्याची बायको माझ्याजवळ आली. आवाज अगदी खाली.

"तुम्ही दगड शोधताय. तो इथे नाही."

"मग कुठे आहे?"

"ते मला माहीत नाही. पण आमचे हे एक वस्तू कुणाला हात लावू देत नाहीत." ती आत गेली आणि पलंगाखालून जुन्या साडीत गुंडाळलेलं एक गाठोडं ओढून घेऊन आली. "सुट्टीच्या दिवशी दार लावून हे उघडून बसतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, माझ्या हातून दोन माणसं गेली. मी किती घाबरले. मग समजलं, मूर्तीबद्दल बोलत होते."

"हे तुम्ही मला का देताय?"

"ते स्वतःहून तोंड उघडणार नाहीत," ती म्हणाली. "आणि असं गप्प राहून त्यांना जगता येत नाहीये. मी बघते ना रोज."

साडीच्या आत प्लास्टरच्या दोन जाड करवंट्या दोरीने बांधलेल्या होत्या. कॅप्टननी दोरी सोडली. दोन्ही भागांत आतून पिवळट रबराचं अस्तर होतं. तो मूर्तीचा साचा होता. मी त्यातला एक भाग उजेडाकडे वळवला, आणि त्या पोकळीतून दोन चेहरे माझ्याकडे पाहत होते. रबराला आतून रंग चिकटलेला होता. नवऱ्याचा विटकरी, बायकोचा पिवळा, केसांचा काळा, डोळ्यांच्या कडांचा काळा. पातळ सालीसारखा रंग जसाच्या तसा दगडावरून निघून रबरात आला होता. मातीवरून काढलेल्या साच्यात असा रंग येणं शक्य नव्हतं. हा साचा खुद्द मूर्तीवर काढलेला होता.

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. "मम्मा, व्हॉट इज दॅट?" तिने विचारलं. आई तिला हाताला धरून आत घेऊन गेली.

ठाण्यात मी तो साचा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. त्याने पाणी मागितलं. सगळा ग्लास प्यायला आणि विचारलं, "कुणी दिलं?"

"तुमच्या मिसेसनी."

"बरं झालं," तो म्हणाला.

मग तो बोलला. मुंबईत त्याला एक एजंट भेटला होता. फॅमिली व्हिसा, कायमची नोकरी, मुलीला चांगली शाळा, सगळं देतो म्हणाला. बदल्यात ती मूर्ती शारजात आणून द्यायची. घ्यायला माणूस येईल. याने मूर्ती कापूस-कागदात गुंडाळली, तिच्याभोवती प्लास्टरचा खांब ओतला आणि स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून सामानात आणला. कुणी हटकलं नाही. पण घ्यायला कुणी आलं नाही. एजंटचा फोन लागेना. त्याचं पुढे काय झालं ते आम्हालाही कधी कळलं नाही. त्याचं नाव खोटं होतं, पत्ताही खोटा.

"परत का नाही पाठवलीत?" मी विचारलं.

"कशी पाठवू, साहेब? ताईंना काय सांगू? मी रोज ठरवायचो की आता लिहितो. मग मुलीची शाळा डोळ्यांसमोर यायची."

तो मूर्ती रजईत गुंडाळून ठेवायचा. पुढे वर्कशॉपच्या मालकाला इजिप्शियन नमुना हवा होता. याने मूर्ती समोर ठेवून मातीत तशीच घडवायची असं ठरवलं आणि ती वर्कशॉपमध्ये नेली. मालक आला, त्याने ती पाहिली. याने घाबरून सांगितलं की हे माझंच जुनं काम आहे, प्लास्टरचं. मालक म्हणाला, मग मातीत वेळ कशाला घालवतोस, यल्ला, चल, यावरूनच साचा काढ, गिऱ्हाईक थांबलंय.

"तो समोर उभा होता," मॉडेलर म्हणाला. "नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. रबर चिकटू नये म्हणून मी साबणाचा हात दिला. मग रबराचे थर लावले. मला माहीत होतं काय होणार ते. सुकल्यावर सोलायला घेतलं तेव्हा बारीक आवाज येत होता. कोरडी पानं चुरगाळल्यासारखा. सगळा रंग रबराबरोबर आला."

तो साचा त्याने खराब निघाला म्हणून बाजूला काढला आणि घरी नेला. दुसरा साचा उघड्या पडलेल्या दगडावरून काढला. बाजारात गेलेल्या सगळ्या मूर्ती त्या दुसऱ्या साच्यातल्या.

"आणि मूळ मूर्ती?"

"तिला पांढरा ऑइलपेंट दिला. बाकीच्यांत ठेवून दिली. मला बघवत नव्हती."

सकाळी आम्ही त्याला घेऊन पुन्हा उम्म अल कुवैनला गेलो. तो आवारात शिरला आणि इकडेतिकडे न पाहता थेट शेवटच्या रांगेतल्या एका जोडप्यापाशी जाऊन उकिडवा बसला. त्याने शर्टाच्या बाहीने त्यांच्या चेहऱ्यावरची धूळ पुसली. आदल्या खेपेला मी त्याच मूर्तीच्या बाजूने चालत गेलो होतो. बाकीच्या सगळ्या आतून पोकळ होत्या; हिला दोघांनी मिळून उचललं तेव्हा वजनावरून खात्री पटली.

कॅप्टननी विचारलं, "इसका रंग वापस नहीं लगता?"

मी उत्तर देण्याआधी मॉडेलरच बोलला. "नहीं, साहब."

"खलास?"

"खलास."

पंचनाम्यावर सही करताना कॅप्टननी एकदा त्या रांगांकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसले.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. तिकडे त्याने काही काळ कैद भोगली आणि मग त्याची भारतात रवानगी झाली. विमानतळावर आम्ही त्याला ताब्यात घेतलं. त्याच्याबरोबर बायको-मुलीचाही व्हिसा संपला. मुलगी बोर्डाच्या परीक्षेला बसू शकली नाही. तिला जिथे आणलं त्या आजोळच्या गावात ती पूर्वी फक्त पाहुणी म्हणून गेली होती.

मूर्ती आणि साचा, दोन्ही लाखेचं सील लावून मालखान्यात ठेवले. न्यायालयाच्या परवानगीने तज्ज्ञांनी मूर्तीवरचा ऑइलपेंट काढला. आतून करडा, कोरा दगड निघाला. ओळख पटवण्यासाठी मी ताईंना बोलावलं. त्या खुर्ची ओढून मूर्तीसमोर बसल्या. मी हातात कागद घेऊन उभा होतो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "रंगवलेल्या दगडाला ओलं फडकंसुद्धा लावायचं नाही, हे मी त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. कुठला साबण वापरला त्याने?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी साचा उघडून पाहिला, पुन्हा मिटला आणि सही करून गेल्या. त्या गेल्यावर शिपायाने सांगितलं की बाई बाहेरच्या बाकावर फार वेळ बसून होत्या.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. पोलिसांपुढे दिलेला जबाब कबुली म्हणून न्यायालयात चालत नाही, त्यामुळे आमची सगळी भिस्त साच्यावर होती. सुनावणीत गाठोडं उघडलं. मालखान्याच्या पत्र्याखाली उन्हाळे काढून रबर वितळलं होतं, उन्हात ठेवलेल्या गुळासारखं लिबलिबीत झालं होतं. चेहरे नव्हते, डोळे नव्हते. त्यात तांबडे-पिवळे डाग मिसळले होते, एवढंच. पंचनाम्यातले फोटो होते, पण ते रबर आहे की रंगवलेला मुखवटा हे त्यावरून सांगता येत नव्हतं.

बचावाचा वकील हुशार होता. त्याने ताईंना उलटतपासणीला घेतलं. तोवर खातेनिहाय चौकशीत निष्काळजीपणाचा ठपका येऊन त्या मुदतीआधीच घरी बसल्या होत्या.

"प्लास्टरची मूर्ती तुम्ही किती काळ खरी समजत होता?"

"दोन वर्षांहून जास्त."

"रोज पाहत होता?"

"रोज."

"म्हणजे खरी कोणती आणि खोटी कोणती हे तुम्हाला ओळखता येत नाही. मग समोरचा हा कोरा दगड तीच मूर्ती आहे, हे कशावरून सांगता?"

ताई बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी कठड्याला धरलं. मला वाटलं, खटला इथेच संपला. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

"साहेब, मला बोलायचंय."

वकिलाने त्याला हाताने गप्प बसायची खूण केली. न्यायाधीशांनी सांगितलं की तो जे बोलेल ते त्याच्याच विरुद्ध जाऊ शकतं, हे त्याने समजून घ्यावं.

"समजलंय," तो म्हणाला. "मूर्ती तीच आहे. मीच नेली. खोटी मीच बनवली, साचा न काढता नुसती बघून, आणि ती ताईंनासुद्धा कळणार नाही अशी बनवली, कारण कसं बघायचं ते ताईंनीच मला शिकवलं होतं. त्यांना कुणी काही म्हणू नये. रंग माझ्या हातून गेला."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या कठडा धरून तशाच उभ्या राहिल्या आणि न्यायाधीशांनी 'तुम्ही जाऊ शकता' म्हटल्यावर हळूहळू बाहेर गेल्या. त्याला शिक्षा झाली. बायको आणि मुलगी शेवटच्या बाकावर होत्या. मुलगी आता मोठी झाली होती. व्हरांड्यात तिने मला गाठून अडखळत मराठीत विचारलं, "अंकल, ते खरं बोलले म्हणून त्यांना जास्त झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "थोडं कमीच झालं असेल." हे खरं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मूर्ती संग्रहालयाला परत मिळाली. कोऱ्या दगडाकडे लोक बघत नाहीत म्हणून ती पुढे कोठीत गेली, आणि कपाटात त्याने केलेली प्लास्टरची मूर्तीच 'प्रतिकृती' अशी पाटी लावून ठेवली गेली. ते रंग कसे होते हे दाखवणारी दुसरी वस्तू आता जगात नाही. ताई पुन्हा त्या इमारतीत गेल्या नाहीत. काही वर्षांनी त्या वारल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं.

या तपासाबद्दल मला बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्रात लिहिलं होतं, 'मुद्देमाल शंभर टक्के हस्तगत'. कागदावर ते बरोबर होतं. आमच्या खात्यात वस्तू मिळाली की काम संपतं, आणि तोवर मीही तसंच मानत होतो. पण चोरीला गेलेली वस्तू आणि परत आलेली वस्तू एकच असते असं नाही. वस्तू दुसऱ्याच्या हातात असते तेवढ्या काळात तिचं काहीतरी होतं, तिच्या मालकाचंही होतं, कधी चोराचंही होतं. ते कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

त्यानंतरच्या नोकरीत मी एक गोष्ट बदलली. फिर्यादी आपली वस्तू न्यायला आला की सही घेऊन त्याला वाटेला लावायचं मी सोडून दिलं. 'तुमचा मुद्देमाल मिळाला' असंही म्हणायचो नाही. 'तुमची वस्तू आलीय, बघून घ्या' एवढंच म्हणायचो, आणि त्याचं बघून होईपर्यंत तिथेच उभा राहायचो.